मोझेलच्या काठाने उलटं उलटं : कॅम्परव्हॅनमधले आमचे वीस दिवस

ओटीवरची

नमस्कार मंडळी. गेल्या सप्टेंबरातल्या ट्रिपबद्दल लिही लिही म्हणून इथल्या दोघीतिघी मागे लागल्यात, आज सकाळी पाणी आलं नाही म्हणून कामं अडलीयत तर बसले लिहायला. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मोबाइलवर टाइप करतेय.

पार्श्वभूमी अशी की मी बँकेतून व्हीआरएस घेतलेली, नवरा पाणीपुरवठा खात्यातून ३४ वर्षांनी रिटायर झालेला. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने त्याने सोसायटीच्या टाकीची पातळी मोजण्यात आणि मी फ्रीज कसा लावते यावर सूचना देण्यात घालवले. मुलगी फ्रँकफुर्टजवळ असते, ती म्हणाली इकडे या, पॅरिस-स्विस करून टाका एकदाचं. तिकडे गेल्यावर एकदा तिने कोब्लेन्झ दाखवायला नेलं. तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, टोकावर घोड्यावर बसलेल्या कैसर विल्हेल्मचा अवाढव्य पुतळा आहे. सगळे पुतळ्याचे फोटो काढतायत आणि आमचा माणूस कठड्याला रेलून दोन पाण्यांचे दोन रंग बघतोय. मग मुलीला विचारतो, ही बारकी नदी येते कुठून? तिने फोनवर बघून सांगितलं, फ्रान्समध्ये वोज डोंगरात ब्युसाँ म्हणून गाव आहे तिथून, ५४४ किलोमीटर. हा म्हणाला, मग जाऊ की उगमापर्यंत. पॅरिस तिथेच बारगळलं.

गाडी भाड्याने घेतली. सहा मीटरला एक सेंटिमीटर कमी लांब, मागे आडवा पलंग, मधे दोन शेगड्या, सिंक आणि एक कपाटाएवढी मोरी. तिकडे याला कास्टनवागन म्हणतात, म्हणजे खोकागाडी, आणि नाव अगदी बरोबर आहे. वजन साडेतीन टनाच्या आत असल्याने साध्या कारच्या लायसन्सवर चालते, त्याचं आपलं लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट एवढ्यावर काम झालं. भाड्याने देणाऱ्याने पाऊण तासात गॅस, हीटर, पाणी, बॅटरी सगळं जर्मनमिश्रित इंग्लिशमध्ये घडाघडा सांगितलं, मी निम्मं व्हिडिओ केलं आणि निम्म्या वेळी बोट लेन्सवर होतं ते रात्री कळलं.

वीस दिवसांत एकूण साधारण बाराशे किलोमीटर गाडी चालली, येण्याजाण्याचं धरून. हो बाराशेच. टायपो नाही.

---

खडूस_काका

बाराशे किमी वीस दिवसांत? म्हणजे दिवसाला साठ. एवढं तर आम्ही ठाण्याहून नोकरीला जाऊन येऊन करायचो. आमच्या ग्रुप टूरने चौदा दिवसांत नऊ देश दाखवले, आयफेल टॉवरपासून पिसापर्यंत सगळं, आणि रोज रात्री वरणभात. एवढा व्हिसा काढून एक नदी बघायची म्हणजे जरा जास्तच हौस.

---

मिसळ_कट

काका सुरू झाले 😄 ताई तुम्ही लिहा. पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनातला मीच विचारून टाकते, टॉयलेटचं काय करता?

---

ओटीवरची

@खडूस_काका, नऊ देश चौदा दिवसांत बघितले त्याबद्दल आदर आहे, मनापासून. आमचे गुडघे तेवढे शूर नाहीत.

@मिसळ_कट, सांगते, कारण हाच खरा विषय आहे आणि यूट्यूबवाले यावर अर्ध्या मिनिटाच्या वर बोलत नाहीत. मोरीतल्या कमोडखाली एक चपटी टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात, अठरा-वीस लिटरची. त्यात आधी निळं औषध आणि थोडं पाणी घालून ठेवायचं. दोन माणसांना दोन दिवस, फार तर अडीच. भरली की आतला लाल दिवा लागतो. मग गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं, ते उघडून कॅसेट ओढून काढायची, तिला चक्क प्रवासी बॅगेसारखा दांडा आणि दोन चाकं असतात, आणि ती घरंगळत डिस्पोजलच्या जागेपर्यंत न्यायची. सकाळी साडेआठला अख्ख्या कॅम्पिंगमधले नवरे आपापली बॅग ओढत एकाच दिशेने निघालेले असतात, एकमेकांना गुटन मॉर्गन करतात, बॅगेत काय आहे ते सगळ्यांना माहीत आणि बोलत कुणीच नाही.

ओतताना वरच्या अंगाला हवेचं एक बटण असतं ते अंगठ्याने दाबून धरायचं, नाहीतर डुबुक डुबुक करून उडतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी ते कुणाला माहीत नव्हतं. (व्हिडिओमध्ये तिथे माझं बोट होतं.) त्या दिवसाबद्दल इतकंच लिहिते की ती पँट कोखेमला राहिली.

आणि सोवळंओवळं म्हणाल तर आपल्यापेक्षा कडक. कॅसेट धुवायचा नळ वेगळा, पिण्याच्या पाण्याचा वेगळा, भांड्या-आंघोळीचं सांडपाणी सोडायची जाळी आणखी वेगळी. पिण्याच्या नळाला कुणी कॅसेट लावलीच तर आसपासच्या चार गाड्यांमधून माना बाहेर येतात. माझ्या सासूबाईंना हा प्रकार फार आवडला असता.

---

स्टुटगार्टकर

छान धागा. मी इकडे अकरा वर्षं आहे आणि आमची स्वतःची जुनी व्हॅन आहे त्यामुळे थोडी भर घालतो, नाहीतर हे वाचून कुणीतरी भलत्या ठिकाणी मुक्काम ठोकेल.

जर्मनीत मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या. एक कॅम्पिंगप्लाट्झ, म्हणजे रिसेप्शन, शॉवर, मुलांसाठी झोके, काही ठिकाणी पहाटे ब्रेडचे पाव ऑर्डर करायची सोय. दुसरा श्टेलप्लाट्झ, म्हणजे कॅम्परसाठी आखलेलं नुसतं पार्किंग, लाइटचा खांब, पाणी आणि डिस्पोजल, बास. हे पुष्कळदा गावच्या नगरपालिकेचे नाहीतर द्राक्षबागवाल्यांचे असतात आणि मोझेलवर तर दर दोनचार किलोमीटरवर एखादा असतोच. फ्रान्समध्ये याच प्रकाराला एर म्हणतात.

साध्या पार्किंगमध्ये झोपायचं तर जर्मनीत एक रात्र चालतं, 'परत गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होणं' या कारणाखाली. पण खुर्च्या बाहेर काढल्या, टेबल मांडलं, छत उघडलं की ते कॅम्पिंग झालं आणि मग पोलीस येऊन गोड बोलतात. आणि कुठे बंदीची पाटी असेल तर अर्थातच नाही.

फ्रान्समधल्या टोलचं पण सांगतो, दोन मीटरपेक्षा उंच गाडी क्लास टूमध्ये जाते, टोल कारपेक्षा जास्त लागतो. मशीनने चुकून क्लास वन लावला तर तो तुमचा नशिबाचा भाग.

---

ओटीवरची

@स्टुटगार्टकर, धन्यवाद, हे मला नीट लिहिता आलं नसतं. टोल मात्र आम्ही एकदाही भरला नाही कारण नदीच्या कडेकडेचेच रस्ते घेतले, आणि मेत्स ते नान्सीचा हायवे फुकट आहे.

आता प्रवास. कोब्लेन्झहून निघालो ते पहिल्या दिवशी चाळीस किलोमीटर. मला त्याने एकच काम दिलेलं, प्रत्येक वळणाला "उजवीकडे, उजवीकडे" असं म्हणत राहायचं. तीन दिवसांनी त्याला गरज उरली नाही पण मला सवय लागली, ठाण्यात परत आल्यावर रिक्षावाल्याला पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोझेलकेर्नला गाडी लावून चालत बुर्ग एल्ट्झला गेलो. ओढ्याच्या कडेने तासाभराची जंगलातली वाट, आणि मग झाडं संपतात आणि समोर किल्ला. आठशेच्या वर वर्षं एकाच घराण्याकडे आहे, कधी पाडला गेला नाही, जर्मनीच्या जुन्या पाचशे मार्कांच्या नोटेवर याचं चित्र होतं. आपल्याकडे किल्ला म्हणजे डोंगरावर चढायचा, इथे किल्ल्याकडे उतरावं लागतं, ते नवऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग ब्रेम. इथे नदी इतकं वळण घेते की आपण निघालेल्या ठिकाणीच परत येतोय असं वाटतं. वर कालमोंट नावाची द्राक्षबाग आहे, युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या बागांमधली एक, काही जागी पासष्ट अंशांचा उतार. तिथे ट्रॅक्टर चढूच शकत नाही, एका दातेरी रुळावरून बारकी गाडी वर जाते, त्यात माणूस आणि अवजारं. आम्ही खालच्या श्टेलप्लाट्झवर खुर्च्या टाकून दोन दिवस नुसते बसलो होतो. समोरून शंभर मीटरच्या वर लांब बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, जायची, कॅप्टनच्या केबिनवर कपडे वाळत घातलेले, मागे त्याची कार ठेवलेली. नवरा वहीत लिहायचा, कुठली बोट किती वाजता, वर की खाली. कोब्लेन्झपासून फ्रान्समधल्या नव-मेझाँपर्यंत या नदीवर २८ लॉक आहेत, म्हणजे बोटीला पायरी पायरीने चढवणारे बंधारे, १९६४ मध्ये या जलमार्गाचा खालचा मोठा भाग खुला झाला आणि नव-मेझाँपर्यंतचा १९७९ मध्ये. त्यातले किती बघितले विचारू नका. गेट बंद होतं, पाणी चढतं, बोट वर येते, गेट उघडतं. मी पहिल्या तीन वेळा बघितलं, चौथ्यापासून विणकाम काढलं.

---

गुळपोळी

आम्ही यांच्या मागे लागून मागच्या वर्षी असंच फिरलो होतो तेव्हा दुपारच्या त्या प्रकाराने वैताग आलेला, एक ते तीन सगळं बंद. तुम्हाला नाही आला का अनुभव?

---

ओटीवरची

@गुळपोळी, अगं आला ना! मिटाग्सरुह! पुण्यातल्या दुकानांवर आपण उगीच विनोद करतो. बर्नकास्टेलच्या अलीकडे एका कॅम्पिंगला आम्ही पोचलो एक वाजून सात मिनिटांनी. फाटक बंद, आत रिसेप्शनमधली बाई काचेतून दिसतेय, सँडविच खातेय. तिने आमच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि पुढचा घास घेतला. तीनला बरोबर फाटक उघडलं आणि तीच बाई इतकी प्रेमाने बोलली, नकाशा दिला, नदीकाठची जागा दिली, पावाची ऑर्डर घेतली. राग कुणावर काढणार.

फ्रान्समध्ये वेगळी तऱ्हा. तिथे बारा ते दोन जेवणाची वेळ, आणि खेड्यातली बेकरी सोमवारी बंद. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. त्यामुळे सीमेजवळ असलात तर शनिवारी भाजी घेतली नाही म्हणजे मंगळवारपर्यंत पोहे. आम्ही दोन किलो पोहे नेले होते ते कामी आले.

---

तिखटमीठ

स्वयंपाक कसा केलात ते नीट लिहा ना. कुकर नेला होता का?

---

ओटीवरची

@तिखटमीठ, नेला नाही, मुलीने बजावलं होतं. एका शिट्टीला सगळे कॅम्पर गॅस लीक झाला म्हणून बाहेर येतील म्हणाली. पातेल्यात मुगाची डाळ शिजते वीस मिनिटांत, तुरीच्या नादी लागायचं नाही. गॅसचं एक लक्षात ठेवा, जर्मन सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, तोंडं वेगळी असतात. आम्ही निघताना दोन्ही भरून घेतले होते.

आणि इलेक्ट्रिक किटली! फ्रान्समधल्या नगरपालिकेच्या कॅम्पिंगला लाइट स्वस्तातला घेतला तर सहा अँपियर मिळतो. आपली दोन हजार वॅटची किटली लावली की खांबावरचा खटका पडतो. आणि एकाच खांबावर चार गाड्या असतात, त्यामुळे बाहेर येऊन कोण बघतंय ते आधी बघायचं आणि मग आपण पण चेहऱ्यावर आश्चर्य आणून बाहेर यायचं. नवरा मात्र सरळ जाऊन सगळ्यांना सॉरी म्हणाला आणि सहा गुणिले दोनशे तीस असं बोटाने हवेत लिहून दाखवलं. एका फ्रेंच आजोबांना ते इतकं आवडलं की संध्याकाळी मिराबेलचा डबा घेऊन आले. मिराबेल म्हणजे लॉरेनची छोटी पिवळी प्लम, सुपारीपेक्षा जरा मोठी, सीझन संपत आला होता त्यामुळे एकदम मऊ आणि गोड. त्याचा मी साखरांबा केला, वेलची घालून.

खाण्यात जपायचं ते बेकनला. कांद्याच्या पायमध्ये बेकन, फ्लामकुखनमध्ये बेकन, कीश लॉरेनमध्ये तर असणारच. "ओने श्पेक" हे दोन शब्द पाठ केले त्याने, आणि फ्रान्समध्ये "सां लारदाँ". एवढ्यावर शाकाहारी माणूस वीस दिवस निभावला.

अजून एक फजिती. सप्टेंबरात मोझेलवर फेडरवायसर मिळते, ताजी, अजून फसफसणारी वाइन, ढगाळ रंगाची, नीऱ्यासारखी लागते थोडी. शेतकऱ्याच्या दारात घेतली, मी नेहमीसारखी फ्रीजमध्ये आडवी ठेवली. तिचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत गॅस तयार होत असतो आणि घट्ट लावलं तर बाटली फुटेल. हे मला कोण सांगणार. ट्रियरला पोचेपर्यंत फ्रीज, खालचा ड्रॉवर, पोहे ठेवलेला डबा आणि त्याची लॉकची वही, सगळं फेडरवायसरमध्ये. वही टपावर वाळत घातली होती. अजूनही उघडली की वास येतो.

---

नर्मदे_हर

ताई, दोन वर्षांपूर्वी परिक्रमा केली त्यामुळे तुमच्या नवरोबांची तगमग समजू शकतो. एक विचारतो, उगमाकडून संगमाकडे का नाही आलात? नदीबरोबर चालणं सोपं आणि स्वाभाविक नाही का?

---

ओटीवरची

@नर्मदे_हर, हेच मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, नोकरीत कुठेही गळती असली की आम्ही नळापासून टाकीकडे जायचो, टाकीपासून नळाकडे नाही. यावर काय बोलणार.

पण उलटं जाण्यात एक गंमत होती हे नंतर कळलं. खाली नदी मोठी, बोटी मोठ्या, गावं टुरिस्टांनी भरलेली, आणि जसजसं वर जावं तसतसं सगळं लहान आणि शांत होत जातं.

ट्रियरला तीन दिवस राहिलो. पोर्टा निग्रा, रोमनांनी दुसऱ्या शतकात बांधलेली काळी पडलेली वेस, फोटोत दिसते त्याच्या दुप्पट वाटते. पण नवऱ्याला ती नव्हे, मोझेलवरचा पूल बघायचा होता, त्याचे दगडी खांब रोमन काळातले आहेत आणि वरून आजही गाड्या जातात. पुलाखाली उभा राहून खांबाला हात लावून आला. कार्ल मार्क्सचं जन्मघर पण इथलंच, आणि २०१८ साली चीनने भेट दिलेला साडेपाच मीटरचा मार्क्स चौकात उभा आहे. मी घर बघितलं, तो पुलाखालीच होता.

मग लक्झेंबर्गच्या काठावर शेंगेन. हो, तेच ते व्हिसावालं! व्हीएफएसच्या रांगेत उभं राहून ज्याच्या नावाने बोटांचे ठसे देतो ते एक टिकलीएवढं गाव आहे, द्राक्षाचे मळे, एक म्युझियम आणि पेट्रोल पंपांची रांग, कारण डिझेल जर्मनीपेक्षा स्वस्त. १४ जून १९८५ ला करार झाला तो नदीतल्या बोटीवर झाला. नदीच्या या तीन देशांच्या कोपऱ्यात एका काठावर जर्मनीचं पेर्ल, पलीकडे लक्झेंबर्ग, आणि चालत जाण्याच्या अंतरावर फ्रान्स. जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्यामध्ये जो नदीचा पट्टा आहे तो दोघांच्या सामायिक मालकीचा, मधोमध रेघ नाहीच. नवरा म्हणाला, कृष्णा लवादात कुणीतरी हे सुचवायला हवं होतं.

---

खडूस_काका

'शेंजेन' म्हणतात सगळे. शेंगेन कोण म्हणतं?

---

स्टुटगार्टकर

शेंगेनमधले लोक म्हणतात, काका.

---

मिसळ_कट

😂😂 पुढे फ्रान्स लिहा लवकर. आणि फोटो?

---

ओटीवरची

फोटो मुलगी टाकून देणार आहे, मला साइज कमी करता येत नाही.

फ्रान्स. पहिलं मोठं शहर मेत्स, आणि तिथले लोक त्याला 'मेस' म्हणतात, त्यामुळे आमच्यात "मेसमध्ये जेवायचं का" हा विनोद चार दिवस चालला. नगरपालिकेचं कॅम्पिंग अगदी नदीकाठी, चालत कॅथेड्रलला जाता येतं. हे शहर १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होतं, रेल्वे स्टेशन १९०८ मध्ये जर्मनांनी बांधलेलं, एखाद्या किल्ल्यासारखं अवजड, आणि पंधरावीस मिनिटं चाललं की फ्रेंच कॅथेड्रल, आत एवढी काच की भिंत कुठे आहे ते शोधावं लागतं. साडेसहा हजार चौरस मीटर रंगीत काच आहे म्हणे. चित्रकार शागालच्या खिडक्यांसमोर आम्ही बाकावर बसलो होतो, दुपारी ऊन फिरलं आणि पिवळा रंग सरकत सरकत त्याच्या टकलावर आला. मी काही बोलले नाही, बघत बसले.

पुढचं गाव पाँ-ता-मूसाँ. इथे आमच्या घरी जे घडलं ते जगात फारच थोड्या घरांत घडत असेल. हे गाव ओतीव लोखंडाच्या पाइपांसाठी आणि गटाराच्या झाकणांसाठी प्रसिद्ध आहे, गावाचीच आद्याक्षरं झाकणांवर असतात, पाम. नोकरीत असताना याने कॅटलॉगात हे नाव वाचलेलं. नदीकाठी एक देखणा जुना मठ आहे, मी तो बघून आले आणि हा पठ्ठ्या दोन तास रस्त्याकडे खाली मान घालून फिरत होता. एका पोलिसाने विचारलं काही हरवलंय का. याने झाकण दाखवलं आणि म्हणाला, "व्हेरी गुड." पोलिसाला काय समजलं कुणास ठाऊक, त्याने सॅल्यूट केला.

टूलपाशी नदी एकदम काटकोनात वळते. पूर्वी ती तिथून सरळ पश्चिमेला जाऊन म्यूज नदीला मिळायची, मग दुसऱ्या बाजूच्या एका ओढ्याने मागे मागे दगड कापत येऊन तिला आपल्याकडे ओढून घेतलं. भूगोलात याला नदीचं अपहरण म्हणतात. सुकलेलं जुनं खोरं अजून दिसतं. हे त्याने मला नकाशा बॉनेटवर पसरून समजावलं तेव्हा पाऊस पडत होता. तरी समजलं.

नान्सीला एक दिवस, स्टानिस्लास चौक बघितला, सोनेरी जाळ्यांची फाटकं, १७५० च्या दशकातला, राज्य गेलेल्या पोलिश राजाने जावयाच्या मानासाठी बांधलेला (जावई म्हणजे पंधरावा लुई, तेव्हा करावंच लागलं असणार). सुंदर आहे पण शहरात गाडी घेऊन जाणं म्हणजे डोक्याला ताप. फ्रान्समध्ये निम्म्या पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडा असतो. आपली गाडी दोन मीटर पासष्ट. मी ते मोठ्या आकड्यात लिहून काचेला चिकटवलं होतं, तरी एकदा मागून हॉर्न वाजायला लागल्यावर हा आत शिरलाच होता, मी किंचाळले म्हणून वाचलो. त्यानंतर तो पाऊण तास आणि मी दीड तास बोललो नाही.

---

गुळपोळी

बरं हे विचारायचंच होतं. सहा मीटरच्या खोक्यात वीस दिवस, भांडण झालं की जाता कुठे?

---

ओटीवरची

@गुळपोळी, मागच्या पलंगावर एकाने आणि पुढच्या फिरत्या सीटवर दुसऱ्याने. मधे शेगडी. घरी कसं, तो हॉलमध्ये टीव्ही लावतो, मी आत दार लावून घेते, आणि दोन दिवस ढकलता येतात. इथे पडदा लावून झोपायचं तरी आधी दोघांनी मिळून टेबल खाली करावं लागतं. रोजची ठरलेली कामं असतात ना. मुक्कामाला पोचलं की तो पाणसळ काढून ओट्यावर ठेवायचा, बुडबुडा कुठे जातोय ते बघायचा, मी बाहेर पिवळ्या पाचरी घेऊन उभी. "डावं पुढचं. थोडं. अजून. बास." गाडी सपाट नसेल तर झोपेत दोघं एका बाजूला घरंगळतात आणि गॅसवरचा फ्रीज नीट थंड होत नाही. बोलणं बंद असलं तरी "डावं पुढचं" म्हणावंच लागतं. तिथून मग पुढे सुरू होतं.

---

सातारी_कंदी

खर्चाचा आकडा टाकाल का. सगळे लिहितात पण खर्चाचं बोलत नाहीत.

---

ओटीवरची

@सातारी_कंदी, स्वस्त नाही, आधीच सांगते. गाडीचं भाडं दिवसाला शंभर युरोच्या वरच गेलं, सप्टेंबर होता म्हणून तेवढ्यात, जुलै-ऑगस्टला याहून जास्त. श्टेलप्लाट्झ आम्हाला दहा ते पंधरा युरोत पडले, कॅम्पिंग पंचवीस-तीस. डिझेल लिटरला दहा किलोमीटर धरा. जेवण जवळजवळ सगळं स्वतःचं. भाड्याची गाडी परत देताना एका ओरखड्यावरून डिपॉझिटमधले दीडशे युरो कापले, तो आधीचाच होता पण आम्ही सुरुवातीला बाहेरून फोटो काढले नव्हते. तुम्ही काढा, चारी बाजूंनी, टप पण. फ्रान्समध्ये शेतकरी आणि वाइनवाल्यांच्या अंगणात एक रात्र फुकट राहू देणारी सभासद योजना आहे, फ्रान्स पासिओं नावाची, आम्ही ती दोनदा वापरली. काही विकत घ्यायची सक्ती नाही, पण घेतल्याशिवाय निघवत नाही, मग चीज घेतलं ते गाडीत इतकं दरवळलं की फेडरवायसरचा वास दबला.

---

नर्मदे_हर

आणि उगम?

---

ओटीवरची

सांगते. नव-मेझाँनंतर मोठ्या बोटी संपतात, पुढे शेजारून जुना अरुंद कालवा जातो आणि नदी मोकळी होते, दगडगोट्यांची, आपल्या कोकणातल्या नद्यांसारखी. एपिनालला रंगीत छापील चित्रांची जुनी परंपरा आहे, १७९६ पासूनचा छापखाना, देवादिकांची, लढायांची, गोष्टींची चित्रं, अगदी आपल्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याच्या चित्रांची आठवण आली. रेमिरमोंनंतर दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ यायला लागले, थंडी वाढली, रात्री हीटर लावला. नदी एवढी बारीक झाली की पुलावरून जाताना "गेली का?" असं विचारायला लागायचं.

ब्युसाँ छोटं गाव. तिथे १८९५ मध्ये मोरिस पोतेशेर यांनी सुरू केलेलं लाकडी नाट्यगृह आहे, त्याच्या रंगमंचाची मागची भिंत उघडते आणि मागे खरं जंगल दिसतं, नाटक चालू असताना. गावातले लोक आणि व्यावसायिक नट एकत्र काम करतात. आम्ही पोचलो तेव्हा उन्हाळ्याचे प्रयोग संपले होते. बाहेरून चक्कर मारली, मागच्या उतारावर जाऊन उभे राहिलो, म्हणजे प्रयोग असता तर आम्हीच झाडं. मला फार हळहळ वाटली, वीस दिवसांतली एकच.

उगम गावाच्या वर घाटाच्या वाटेवर आहे, ७१५ मीटरवर. दगडी बांधकाम, नदीचं नाव, आणि पाण्याची एक बारीक धार. बस. कोब्लेन्झला जिच्यावर शंभर मीटरची बार्ज जाते ती ही. मी चपला काढल्या, सवयीने. हाताची ओंजळ धरली, गार होतं. हा मात्र खिशातून लिटरची बाटली काढतो, घड्याळ काढतो, आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजायला लागतो. दोनदा मोजलं. वहीत लिहिलं. मग आम्ही कट्ट्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो, आणि घाट उतरून आल्सासमार्गे दोन दिवसांत परत. कोलमार बघितलं, गर्दी होती, त्यावर इतरांनी लिहिलंय खूप.

---

खडूस_काका

मग किती निघाला प्रवाह? एवढं मोजलं तर आकडा तरी द्या.

---

ओटीवरची

@खडूस_काका, आत्ताच विचारून आले. वही काढून बघितली त्याने, वास घेतला, आणि म्हणतोय दोन्ही आकडे जुळत नाहीत, दुसऱ्यांदा मोजताना मी मधेच "चहा देऊ का" म्हणून विचारलं आणि घड्याळ चुकलं. परत जाऊन मोजावं लागेल म्हणतोय. एक मिनिट थांबा, नळाला पाणी आलंय.